नेट जोडायच्या आधी

काकांचा आवाज तेव्हा काकूच्या कपाटात होता. मधल्या खणात, शालूच्या घडीत, डांबरगोळ्यांच्या वासात. साबणाच्या वडीएवढी काळी हार्ड डिस्क होती ती, आणि तिला काकूने जुन्या परकराच्या कापडाची पिशवी शिवली होती. कपाट उघडलं की मला उगाच वाटायचं, आता आतून कुणीतरी खाकरेल आणि विचारेल, "काय शोधतोयस?"

काका म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. रिफायनरीत आयुष्य घालवून रिटायर झालेले. मी बडोद्याजवळच्या सावली गावचा. तिथे गुजराती शाळेत शिकलो, घरी मराठी बोललो आणि उरलेल्या वेळात मास्तरांच्या नकला करून मार खाल्ला. बडोद्यात एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी लागली, म्हणून सुभानपुऱ्यात काका-काकूंकडे राहायला आलो. मग काकांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस राहील, आवाज जाईल.

ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलातल्या एका मॅडमनी सांगितलं, की आवाज आहे तोवर रोज लागणारी वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा. नंतर कॉम्प्युटरवर मोठाली बटणं करता येतात. बटण दाबलं की वाक्य वाजतं, आणि तेही तुमच्याच आवाजात.

मग आम्ही दोघं दुपारी मागच्या खोलीत बसायचो. खिडक्या बंद, पंखा बंद, दारावर गोधडी टांगलेली. काका घामाने डबडबलेले आणि त्यांच्या नाकासमोर माझा मोबाइल. मॅडमनी नमुन्याला वाक्यं दिली होती. "तुम्ही सगळे मला खूप आवडता", असली. काकांनी ते ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हे मी लग्नातसुद्धा बोललो नाही. आता मशीनकडून बोलून घेऊ?"

मग त्यांनी आपली वाक्यं म्हटली. चहात साखर कमी. पंखा दोनवर कर. टीव्ही कुणी बघत नाहीये, बंद करा. गॅसचा कॉक फिरवलास का. नुसतं हो हो करू नकोस. माणसाच्या आयुष्यात किती वाक्यं लागतात बघायला गेलं, तर फार नाही लागत. मधेच खोकला यायचा, मधेच हसू यायचं, ते म्हणायचे "एवढं काढून टाक हं", आणि मी मान हलवून ते सगळं ठेवून द्यायचो.

काकांची नक्कल मी लहानपणापासून करत आलो. वाक्य संपताना आवाज खाली ठेवायची त्यांची एक पद्धत होती, बाजारातून आलेला माणूस जड पिशवी जमिनीवर ठेवतो तशी. ती एकदा सापडली की बाकी सगळे काका आपोआप यायचे. दिवाळीत सगळे जमले की फर्माईश व्हायची आणि मी काका करायचो. खरे काका कोपऱ्यात बसून म्हणायचे, "मी असा बोलतो?" आणि हे विचारतानासुद्धा अगदी तस्सेच बोलायचे.

ऑपरेशन झालं. काका घरी आले. गळ्याला खाली एक भोक, त्यावर पातळ रुमाल. श्वास तिथून. ओठ हलायचे, पण मागे काही नाही, जसा टीव्ही म्यूटवर. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी बटणं करून दिली. टक् करून बटण दाबलं की घरात काका बोलायचे, आणि काकू स्वयंपाकघरातून "फिरवला हो, फिरवला" म्हणायची. थोडे दिवस सगळं बरं चाललं.

तो कॉम्प्युटर म्हातारा होता. त्याला अपडेट यायचे कधीच बंद झाले होते, पण नेट मात्र चोवीस तास जोडलेलं. एका सकाळी स्क्रीनवर इंग्रजीत धमकी आली आणि काकांच्या प्रत्येक वाक्याच्या नावापुढे कसलंतरी विचित्र शेपूट लागलं. कुणीतरी कुठूनतरी येऊन सगळ्यांना कुलूप घातलं होतं. काका बटण दाबत राहिले. पंखा दोनवर. पंखा दोनवर. काहीच वाजलं नाही. कपाटातली डिस्क त्या मशीनला तेव्हा लावलेली नव्हती, म्हणून ती तेवढी वाचली. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग मी डिस्कवर टाकून, जागा पुरत नाही म्हणून कधीच पुसलं होतं. आता काकांचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता.

आणि नेमकं त्याच सुमाराला तिकडे कॅनडात ताईला मुलगी झाली. ताई म्हणजे काकांची एकुलती एक. रोज संध्याकाळी, तिकडे सकाळ असताना, तिचा व्हिडिओ कॉल काकूच्या मोबाइलवर यायचा. काकू सगळी स्क्रीन व्यापून बसायची. काका कडेला. ताई म्हणायची, "बाबा, थंब दाखवा." काका थंब दाखवायचे. ताई म्हणायची, "बाबा हसले, बाबा हसले." काका आणखी हसायचे. एवढंच. त्या बाळाने आजोबांचा आवाज ऐकलाच नव्हता, आणि काकांना तिच्याशी बोलायचं होतं. त्यांनी हे मला ओठांनी सावकाश सांगितलं होतं, एक एक शब्द, पापडावर पापड ठेवावा तसं. मला. तिच्याशी. बोलायचंय.

मोबाइलशेजारी स्पीकर ठेवून आवाज ऐकवायचा उपाय आम्ही जुन्या कॉम्प्युटरच्या वेळी करून बघितला होता. फोन त्या आवाजाला गोंगाट समजून गाळून टाकायचा. ताई म्हणायची, "बाबा, पाण्याखालून बोलल्यासारखं येतंय." म्हणजे बटणं आणि कॉल एकाच मशीनवर पाहिजेत. म्हणजे ज्या मशीनमध्ये काकांचा आवाज, तेच मशीन नेटवर.

म्हणून नवीन लॅपटॉप आला. आणि म्हणूनच मी म्हटलं, याला आत्ता नेट जोडायचं नाही.

"अरे मग आणला कशाला?" काकू म्हणाली. झाकणाला हळदीकुंकू लावून झालं होतं. अक्षता टाकायला निघाली होती, मी हात धरला. तांदळाचा दाणा पेनड्राइव्हच्या खाचेत गेला असता तर आमच्या सगळ्या सुरक्षेचा तिथेच पुलाव झाला असता.

आमच्या लॅबच्या सरांनी मला जे समजावून सांगितलं होतं, तेच मी काकूला सरांच्या नाकातल्या आवाजात सांगितलं. नवीन मशीन दुकानातून येतं तेव्हा ते जुनंच असतं. खोक्यात झोपलेलं असताना बाहेर काय काय भोकं सापडली, चोरांनी काय काय युक्त्या काढल्या, त्याला पत्ताच नसतो. नेटवर गेल्यावर अपडेट उतरवायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ ते उघडं. त्यापेक्षा दुसरीकडच्या चांगल्या मशीनवर अपडेटच्या फाइली उतरवायच्या, पेनड्राइव्हमधून आणायच्या, इथे बसवायच्या आणि मग दार उघडायचं. "तसं बघितलं तर धोका थोडासाच आहे," सर शेवटी म्हणाले होते, "पण तुझ्याकडे डिस्क किती आहेत?" एक. "मग झालं."

काकूला पटलं नाही. काकांना मात्र क्षणात पटलं. त्यांचे डोळे असे लकाकले, की मला आधी वाटलं त्यांना ठसका लागलाय. ते उठले, आतून एक लाल पत्र्याची पट्टी घेऊन आले. प्लांटमधल्या दिवसांतली होती. तिथे नवीन लाइन टाकली की आधी ती रिकामीच तपासायची, गळते का बघायची, मगच गॅस सोडायचा. आणि काम चालू असताना व्हॉल्व्हला लाल टॅग लावायचा. ज्याने लावला, त्यानेच काढायचा. मोठा साहेब आला तरी त्याने हात लावायचा नाही. काकांनी तो टॅग सुतळीने लॅपटॉपला बांधला, गाठ मारली आणि माझ्याकडे बघून ओठ हलवले. आधी टेस्ट.

गंमत म्हणजे लॅपटॉपलाच ते मान्य नव्हतं. सुरू केल्या केल्या त्याने नेट मागितलं. पुढे जायचं बटणच नाही. नेट द्या, मग बोलू. घरी पाय ठेवल्या ठेवल्या वायफायचा पासवर्ड विचारणाऱ्या पाहुण्यासारखा. सरांनी मला एक तोड सांगून ठेवली होती, एक काळी खिडकी उघडून त्यात एक ओळ टाइप करायची. टाइप केली. लॅपटॉप नाखुशीने बंद झाला, परत उठला, आणि आता तळाशी बारीक अक्षरांत "माझ्याकडे इंटरनेट नाही" अशी वाट आली. मी ती पकडली. काका टाळ्या वाजवत होते.

समोरच्या बेन बघायला आल्या. गुजराती शेजारी म्हणजे काय सांगू, प्रेम ओतप्रोत. "नेट नथी? अमारुं लई लो ने, भाई. पासवर्ड लखी आपुं." साखर संपली तर वाटी पुढे करावी, तसा पासवर्ड. मी नको म्हटलं. त्यांना वाटलं मी लाजतोय. "शरमावानुं नहीं," म्हणाल्या आणि काकूकडे वळून टॅगकडे बोट दाखवत हळूच विचारलं, "आ शुं, नजर न लागे ए माटे?" काकू म्हणाली, "हा, एवुंज कंईक." त्या दिवसापासून सोसायटीत लॅपटॉपची नजर काढणारं घर म्हणून आम्ही प्रसिद्ध आहोत.

सरांची अट एकच होती. बाहेरची डिस्क त्यांच्या मशीनला लावायची नाही, फक्त नवीन, सीलबंद पेनड्राइव्ह. त्यांच्यासमोर मी सील तोडलं. महिन्याची मोठी अपडेट फाइल आणि व्हायरस ओळखायची ताजी फाइल, दोन्ही उतरवल्या. पेनड्राइव्ह खिशात ठेवून स्कूटरवरून घरी येताना मी खड्डे चुकवत होतो, जसं काही मांडीवर दह्याचं भांडं आहे. घरी येऊन तो फ्रिजवर, स्टीलच्या वाटीत ठेवला. म्हटलं रविवारी निवांत बसवू. रविवारी संध्याकाळी ताईचा कॉल ठरला होता. काकांनी शनिवारीच दाढी करून घेतली.

रविवारी सकाळी वाटी होती, पेनड्राइव्ह नव्हता.

"तो होय," काकू म्हणाली, "बेन घेऊन गेल्या काल. गरब्याच्या प्रॅक्टिसला गाणी पाहिजे होती. त्यांचा हरवला. आत्ता आणून देतील. रिकामाच तर होता, बेनच्या मुलाने बघितलं, एकदोन फाइली होत्या नुसत्या नंबरवाल्या."

पेनड्राइव्ह आला, सुखडीच्या, म्हणजे गुळपापडीच्या, वाटीसकट आला. काल रात्रभर तो डेकोरेशनवाल्याच्या लॅपटॉपमध्ये, मग साउंडवाल्याच्या पेटीत, मग सोसायटीतल्या पोराच्या कॉम्प्युटरमध्ये फिरून आला होता. आता त्यात आमच्या दोन फाइली आणि खच्चून गरबे होते. आणखी काय होतं, कुणाला माहीत. कदाचित काहीच नसेल. पण मी तो लावणार नव्हतो.

"एक संध्याकाळ दिला होता रे," काकू म्हणाली.

"काकू, व्हायरसला एक मिनिट पुरतं."

काका खुर्चीत बसले होते. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट. त्यांना कळलं, संध्याकाळचा कॉल पुन्हा थंबवर गेला. त्यांचे ओठ भराभर हलायला लागले. इतके भराभर की काकूलाही वाचता येईनात. चमच्याने त्यांनी टेबलावर ठण् ठण् केलं. मग थांबले. माझ्याकडे बोट केलं. मग स्वतःच्या गळ्याकडे. मग काकूकडे.

"मी बोलू?" मी विचारलं.

मान हलली.

मी खाकरलो. पाठ ताठ केली. आवाज खाली नेला, पिशवी जमिनीवर ठेवली. "दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय द्यायची नाही, एवढं साधं कळत नाही तुला?"

  काकूने माझ्याकडे बघितलंही नाही. ती सरळ काकांकडे वळली.

"दुसऱ्याची कुठली? घरातली होती. आणि माझी परात दिलीत तुम्ही त्या कोपऱ्यावरच्यांच्या पूजेला, ती विचारून दिलीत? आली का परत?"

काकांचे ओठ हलले. मी ते बोललो, "परातीचा इथे काय संबंध?"

"आहे संबंध. तेव्हा म्हणालात, शेजारी आहेत, नाही कसं म्हणायचं."

"परातीतून व्हायरस येत नाही." हे माझ्या पदरचं होतं. काकांनी भुवया उडवल्या, विचार केला आणि चालेल असं बोट हलवलं.

"मला काय ठाऊक कशातून काय येतं? तुम्ही टॅग कशाला लावलात? लॅपटॉपला. पेनड्राइव्हवर होता टॅग? होता का? बोला ना."

मी काकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे बघितलं.  सगळी नोकरी सेफ्टीत गेलेल्या माणसाला बायकोने सेफ्टीतच पकडलं होतं.

काकू जिंकून स्वयंपाकघरात गेली. चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला, मग भांडी जरा जास्तच जोरात वाजली, आणि मग तिचा आवाज आला, नेहमीपेक्षा हलका. "कित्ती दिवसांनी धड भांडलो. सहा महिने नुसती माझीच बडबड चाललीय या घरात." काका खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते. मी घाबरून पुढे जाऊन बघितलं, तर ते हसत होते. आवाज नसलेलं हसू. गळ्यावरचा रुमाल तेवढा फडफडत होता.

संध्याकाळी ताईला आम्ही पुढच्या रविवारचं सांगितलं. ताई म्हणाली, "चालेल ना, काय घाई आहे." काकांनी थंब दाखवला.

सोमवारी मी दुसरं सील तोडलं. सरांनी विचारलं, पहिल्याचं काय झालं. मी म्हटलं, गरबा खेळायला गेला. या पेनड्राइव्हला काकांनी घरी आल्या आल्या लाल दोरा बांधला आणि तो वाटीत न ठेवता शर्टाच्या खिशात ठेवला. आठवडाभर खिशात. आंघोळीला गेले की देवाजवळ.

मग पुढच्या रविवारची ती दुपार आली. ती मला अजून अर्धवट झोपेत बघितल्यासारखी दिसते. भाद्रपदातलं ऊन, पडदे ओढलेले, हॉलमधला हिंचका, म्हणजे झोपाळा, अगदी थोडा हलतोय. टेबलावर लॅपटॉप, त्याला लाल टॅग, आणि स्क्रीनवर एक निळी पट्टी, जी पुढे सरकतेय असं म्हणायचं म्हणून म्हणायचं. काका हिंचक्यावर, मी खाली फरशीवर, कारण फरशी गार होती. दोघं पट्टीकडे बघत होतो. कासवाला शर्यतीत बघावं तसं. लॅपटॉपमधून बारीक घूं असा आवाज येत होता, आणि मला वाटायला लागलं की तो आत काहीतरी पाठ करतोय. बाहेर कोण कोण वाईट आहे, कोण कुठल्या दाराने येतो, कुणाला उत्तर द्यायचं नाही. लहानपणी सावलीहून एकट्याला बसमध्ये बसवताना आई सांगायची तसं. कुणी काही दिलं तर खायचं नाही. कुणी नाव विचारलं तर सांगायचं नाही. आणि मी खिडकीशी बसून, मान हलवत, सगळं विसरून जायचो.

डोळा लागला असावा. स्वप्नात काकांचा आवाज घरभर फिरत होता. काका नव्हते, नुसता आवाज. तो स्वयंपाकघरात गेला, कॉक बघून आला, पंखा दोनवर केला, माझ्या अंगावर चादर घातली. आवाजाला हात कुठून आले, असा प्रश्न मला स्वप्नातही पडला. जाग आली तेव्हा खरंच चादर होती आणि काका हिंचक्यावर डोळे मिटून बसले होते, आणि मशीन स्वतःला बंद करून पुन्हा उठत होतं.

मग व्हायरसची फाइल बसवली. काकांसाठी साधं खातं केलं, ज्यातून नवीन काही बसवता येत नाही. पेनड्राइव्ह लावल्या लावल्या आपोआप काही सुरू होणं बंद केलं. काका एकेक गोष्ट झाली की बोटावर मोजत होते. सगळं झालं, तेव्हा काकू कपाटातून परकराची पिशवी घेऊन आली. डिस्क लावली. वाक्यं एका मशीनवरून दुसऱ्यावर गेली, रांगेत, शाळेतली पोरं रस्ता ओलांडतात तशी. मग एका नव्या पेनड्राइव्हवर आणखी एक प्रत. डिस्क पुन्हा पिशवीत, पिशवी पुन्हा शालूत. काकांनी पहिलं बटण दाबलं.

"चहात साखर कमी."

काकू पदराने डोळे पुसत म्हणाली, "अजून केलासुद्धा नाही मी."

आणि मग तिच्या लक्षात आलं. ती बटणं बघत होती, एकेक करून, चष्मा पुढे-मागे करत. "अरे, यात तिचं नाव नाही ना."

खरंच नव्हतं. रेकॉर्डिंग झालं तेव्हा बाळच नव्हतं, तर नाव कुठून असणार. काकांचा सगळा आवाज घरात होता आणि त्या आवाजात ज्या एका माणसाला हाक मारायची होती, तीच हाक नव्हती.

"तू म्हण ना," काकू मला म्हणाली. "यांच्या आवाजात. एकच तर शब्द आहे. कुणाला कळणार आहे?"

मी मागच्या खोलीत गेलो. गोधडी टांगली. पंखा बंद केला. बाळाचं नाव काकांच्या आवाजात घेतलं. आधी जरा जास्तच झालं, दिवाळीच्या फर्माईशीसारखं. मग कमी केलं. मग अगदी खाली, हळू, जसं ते झोपलेल्या माणसाला उठवताना बोलायचे. ते ऐकून माझ्याच अंगावर काटा आला. इतके काका मी आयुष्यात केले नव्हते.

बटण केलं. काकांनी ऐकलं. पुन्हा ऐकलं. लॅपटॉपच्या कडेवर हात ठेवून बसले, जसा कुणाच्या पाठीवर ठेवतात. मग माझ्याकडे वळून सावकाश ओठ हलवले, मला वाचता यावं म्हणून.

छान आहे. पण. हे मी. म्हटलेलं नाही.

"मग भांडताना?" काकू म्हणाली. "तेव्हा चाललं?"

काकांनी हात झटकला. भांडण वेगळं. मग माझ्याकडे बोट केलं, आणि ओठ हलवले. नाव तू घे. तुझ्या आवाजात.

मी ते बटण काढून टाकलं. पण माझा आवाज कुठला, हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. लॅबमध्ये मी अर्धा सरांसारखा बोलतो. रिक्षावाल्यांशी बेनच्या मुलासारखा. वडिलांशी फोनवर वडिलांसारखा, म्हणून आमचा फोन म्हणजे एकच माणूस बडबडतोय असं काकूला वाटतं. संध्याकाळपर्यंत मी बाथरूममध्ये तोंडातल्या तोंडात ते नाव घेत बसलो. प्रत्येक वेळी कुणीतरी दुसराच निघायचा.

संध्याकाळी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला. सुतळीची गाठ त्यांनीच सोडली, टॅग काढून टेबलाच्या टोकाला ठेवला आणि मला मान हलवून खूण केली. मी नेट जोडलं. काही झालं नाही. म्हणजे जे व्हायला पाहिजे होतं तेच झालं. कोपऱ्यातली छोटी खूण भरली आणि बाहेर समोरच्या बेननी गॅलरीतून विचारलं, "आव्युं?" काकू ओरडली, "आव्युं, आव्युं."

ताई दिसली. मोठी दिसली, मोबाइलवर दिसायची त्यापेक्षा कितीतरी. मागे पांढरी खिडकी, तिकडची सकाळ. पुढ्यात, टेकून बसवायच्या छोट्या खुर्चीत बाळ. काकूने एरवीसारखं पुढे सरकायला सुरुवात केली आणि मग आपणहून मागे झाली.

मी नाव घेतलं. माझ्या आवाजात. ते पातळ आणि जरासं फाटकं निघालं.

"तुला सर्दी झालीय का?" ताईने विचारलं.

"नाही, ताई. मी असाच आहे बहुतेक."

बाळाने माझ्याकडे बघितलं नाही. ते छताकडे बघत होतं. काका बटणांवरून बोट फिरवत राहिले. इतके दिवस वाट बघून आता कुठलं दाबायचं ते त्यांना ठरवता येईना. साखर नाही. पंखा नाही. टीव्ही नाही. सगळ्या रागाच्या आणि काळजीच्या वाक्यांत त्या बाळाला सांगण्यासारखं एकही नव्हतं, हे मला तेव्हा कळलं, आणि काकांनाही कळलं असावं. बोट खालच्या ओळीत गेलं. थांबलं. दाबलं.

"दाराला आतून कडी लावलीय का?"

पाण्याखालून नाही. स्वच्छ. वाक्याच्या शेवटी पिशवी जमिनीवर ठेवलेली.

"लावलीय, बाबा," ताई म्हणाली. एकदम, विचार न करता, जशी शाळेत असताना म्हणत असेल. आणि मग तिचा चेहरा तसाच राहिला, तोंड थोडं उघडं. तिने हात तोंडावर नेला. 

"थांबा," ती म्हणाली. "बघते हं एकदा."

आणि खरंच उठून गेली. चौकटीत तिची रिकामी खुर्ची आणि बाळ राहिलं.

काका पुढे वाकले. हात बटणांवरून काढून मांडीवर घेतला. त्यांनी टाळूला जीभ लावली आणि सोडली. टक्. त्याला स्वरयंत्र लागत नाही. टक्, टक्. बाळाची मान छतावरून खाली आली, इकडे तिकडे शोधू लागली आणि स्क्रीनवर येऊन थांबली. काकांनी पुन्हा केलं. बाळाचे पाय हलायला लागले, आधी एक, मग दोन्ही.

आतून, घराच्या दुसऱ्या टोकावरून, ताईचा आवाज आला. "लावलेलीच होती, बाबा."

काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. टक्, टक् चालू होतं. बाळाने ओठ गोल केले, जोर लावला आणि थुंकीचा एक मोठा फुगा केला.